मी हात वर केला होता

रविवारची मॅच आम्ही एका रनने हरलो. एवढं एक वाक्य लिहायला मला सहा दिवस लागलेत, कारण ती मॅच आधी वीसेक मिनिटं टाय होती, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारून झाल्या होत्या, आणि ती वीस मिनिटं माझ्यामुळे होती. म्हणून सगळं नीट क्रमाने सांगतो, नाहीतर गावात जी व्हर्जन फिरतेय ती अशी आहे की मी रन विकले.

तर मुळात मी स्कोअरर नाही. मी सहाव्या नंबरला येतो आणि स्लिपमध्ये उभा राहतो. महिन्यापूर्वी प्रॅक्टिसला स्लिपमध्येच एक कॅच बोटाच्या टोकावर घेतला. लेदर बॉल नियमाप्रमाणे जेमतेम 156 ते 163 ग्रॅमचा असतो, ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो करंगळीवर सरळ आला की ग्रॅम वगैरे काही सुचत नाही. बोट फ्रॅक्चर. चार आठवडे बाहेर. कॅप्टनने लगेच स्कोअरबुक हातात दिलं, उजवा हात तर चांगला आहे ना मग लिही. आमच्या लीगमध्ये प्रत्येक टीमने आपापला स्कोअरर आणायचा असतो, आणि खेळू न शकणारा माणूस हा आपोआप स्कोअरर असतो, यात बुद्धीचा काही संबंध नाही.

पहिल्या दोन मॅचमध्ये मी शिकलो. म्हणजे वाईडला अधिकचं चिन्ह, नो बॉलला गोल, नो बॉलवर बॅटने रन काढले तर ते त्या गोलाच्या आत लिहायचे, बायला (बॉल कशालाच न लागता पळालेला रन) वर टोक असलेला त्रिकोण आणि लेग बायला (बॅटला नाही, अंगाला लागून पळालेला) खाली टोक असलेला. मेडन, म्हणजे एकही रन न दिलेली ओव्हर, गेली की सहा टिंबं जोडून एम काढायचा. हे सगळं मी इतकी वर्षं खेळतोय तरी मला माहीत नव्हतं, आपण आऊट होऊन आल्यावर फक्त आपल्या नावापुढचा आकडा बघतो आणि तो कमी लिहिलाय म्हणून भांडतो.

या रविवारी समोरच्या टीमची स्कोअरर होती त्यांच्या ओपनरची बहीण. शाळेत जाते. चार रंगांची पेनं, एक पट्टी, खोडरबर, आणि पुस्तक वाऱ्याने उडू नये म्हणून दोन चिमटे. माझ्याकडे एक निळं पेन, तेही कॅप्टनचं. तिने माझं पुस्तक एकदा बघितलं आणि म्हणाली, दादा प्रत्येक बोलरला वेगळा रंग लावला ना की नंतर चूक शोधायला सोपं जातं. मी म्हटलं आपल्याकडे चूक होतच नाही. हो, हे मी खरंच म्हणालो.

पहिली इनिंग पटकन सांगतो कारण त्यात फार काही नाही. 40 ओव्हरची मॅच, त्यांनी आधी बॅटिंग घेतली, 40 ओव्हरमध्ये 8 बाद 172. आमच्या ऑफस्पिनरने 8 ओव्हर, 2 मेडन, 19 रन, 3 विकेट अशी झकास बोलिंग टाकली आणि बाकीच्यांनी मिळून 14 वाईड टाकले. हे 14 वाईड लक्षात ठेवा. नंतर सगळे माझ्या एका रनबद्दल बोलत होते तेव्हा या 14 बद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. दोन कॅचपण सुटले, त्यातला एक स्लिपमध्ये, माझ्या जागेवर. मी टेबलापाशी बसून अख्खा कॅच घेतला, माझे हात पुढे गेले आणि पुस्तक खाली पडलं.

आमची बॅटिंग सुरू झाली आणि नेहमीसारखं आमच्या टॉप ऑर्डरने आपलं स्वतःचं काम लवकर आटपून घेतलं. 20 ओव्हरला 4 बाद 71. अंपायर दोन्ही आमचेच होते, म्हणजे लीगचे अंपायर फक्त फायनलला येतात, एरवी बॅटिंग करणाऱ्या टीममधले जे आऊट झालेत किंवा ज्यांची बॅटिंग यायची आहे ते पांढरी टोपी घालून उभे राहतात. बाहेरच्यांना वाटतं यात चीटिंग होत असेल. उलट होतं. आपल्याला कोणी चीटर म्हणू नये म्हणून आपली पोरं आपल्याच बॅट्समनला एलबी, म्हणजे पायचीत, देऊन मोकळी होतात. 22 व्या ओव्हरला तर आमच्या अंपायरने आमचाच एक बॉल खाल्ला. तो खिशात सहा खडे ठेवून मोजतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत, त्यात मध्ये एक वाईड पडला आणि त्याने वाईडलापण खडा टाकला. ती शेजारून म्हणाली, दादा पाचच झाले ना? मी उठून ओरडलो पण तोपर्यंत पलीकडून नवीन ओव्हरचा पहिला बॉल पडला होता. आणि नियम असा आहे की अंपायरची मोजदाद चुकली तरी त्याने मोजली तीच ओव्हर धरायची, स्कोअररने कितीही उड्या मारल्या तरी उपयोग नाही. मी पुस्तकात पाच बॉलची ओव्हर लिहिली आणि पुढच्या चौकोनात एक शिवी लिहिणार होतो, पण शेजारी लहान मुलगी.

मग कॅप्टन जमला. कॅप्टनची बॅटिंग बघायला सुंदर वगैरे अजिबात नाही. तो बॅट धरतो कुदळीसारखी, सगळे रन पॉइंटच्या मागे आणि मिडविकेटला, पण तो हलत नाही. समोरून एकेक जण येत होता, थोडं खेळून जात होता आणि हा आपला एक, एक, दोन, एक. आमच्या टेबलाचं कामपण लयीत चाललं होतं. ओव्हर संपली की ती टोटल सांगायची, मी माझ्याकडे बघून हो म्हणायचो. एकदोनदा फरक आला, दोन्ही वेळा माझंच चुकलेलं होतं, लगेच सापडलं. अंपायरने काही सिग्नल दिला की दोघांनीही हात वर करायचा. हे फक्त शिष्टाचार म्हणून नसतं, अंपायरने स्कोअररचा हात दिसेपर्यंत पुढचा बॉल टाकूच द्यायचा नाही असं नियमात आहे. हात वर म्हणजे मी बघितलं, मी लिहिलं.

38 ओव्हर झाल्या. 7 बाद 156. तिची टोटल 156, माझी 156, हो. 12 बॉल 17 रन.

आता 39 वी ओव्हर. ही मी गेल्या सहा दिवसांत इतक्या वेळा मनात टाकलीय की बोलरलापण एवढी आठवत नसेल. पहिला बॉल, नऊ नंबरवाल्याने ढकलून एक. दुसरा बॉल, कॅप्टनने मिडविकेटला चौका. त्याचे 51 झाले, पोरं टाळ्या वाजवतायत, शिट्ट्या, कोणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला, फिफ्टी मी मारल्यासारखा. तिसरा बॉल डॉट. चौथा बॉल कॅप्टनने लाँगऑनच्या बाजूला उचलला, दोन फिल्डर एकमेकांकडे बघत राहिले, बॉल मधून गेला पण लाईनच्या आधी गवतात थांबला, आणि हे दोघं पळत सुटले. एक, दोन, थ्रो आला तो कीपरच्या डोक्यावरून, तिसरापण पूर्ण. आमचं अख्खं पब्लिक टेबलाभोवती. बोर्डवर आकडे लावणारा पोरगा येऊन विचारतोय किती लावू किती लावू. मी मान खाली घालून 3 लिहिला. टोटल वाढवली. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की अंपायर आमच्याकडे तोंड करून काहीतरी करतोय. मी मान वर न करता हात वर केला.

अंपायर काय करत होता, तर त्याने एक हात कोपरात वाकवून बोटांची टोकं खांद्याला लावली होती. शॉर्ट रन. कॅप्टनने पहिला रन घेऊन वळताना बॅट क्रीझच्या अलीकडेच टेकवली आणि परत सुटला. तीन पळाले, मोजायचे दोन. अंपायर म्हणजे आमचाच ओपनर, सकाळपासून त्याने स्वतः 4 रन केलेले आणि आता स्वतःच्या कॅप्टनचा फिफ्टीनंतरचा एक रन कापत होता. त्याला दोन हात वर दिसले, एक तिचा आणि एक माझा. त्याने बॉल टाकायला सांगितलं. त्याच्या बाजूने विषय संपला.

विचार करा, तिथे आमची निदान चाळीस माणसं उभी होती आणि एकानेही तो सिग्नल बघितला नाही. बघितला असता तर तिथेच मैदानात घुसले असते. सगळे थ्रो कुठे गेला ते बघत होते.

पाचव्या बॉलला नऊ नंबरवाला कॅच आऊट. एकदम शांतता आणि मग एकदम सगळे एकाच वेळी बोलायला लागले. दहा नंबर आत गेला, आल्या आल्या सहाव्या बॉलला एक काढला. ओव्हर संपली. ती म्हणाली, एकशे चौसष्ट. मागून चार जण एकदम विचारत होते किती हवेत, किती हवेत. मी तिला म्हटलं हो, आणि मागे वळून म्हटलं आठ.

माझ्या पुस्तकात 165 होते. मी तिचं ऐकलंच नव्हतं. टोटल ऐकू आली, आवाज ऐकू आला, पण आकडा ऐकला नाही.

शेवटची ओव्हर. बोर्डवर 8 बाद 165, आठ रन हवेत, आणि बोर्ड आमच्या टेबलाच्या पुढे, मैदानाकडे तोंड करून, म्हणजे आम्हा दोघांना दिसतात ते फक्त मागचे खिळे. पहिल्या बॉलला दहा नंबरने एक घेतला. कॅप्टन स्ट्राईकवर. डॉट. मग एक फुलटॉस पडला आणि त्याने तो स्क्वेअर लेगला चौका मारला, मी म्हटलं जिंकलो, तीन बॉल तीन. चौथा बॉल सरळ, जरा खाली राहिला, कॅप्टनची दांडी गुल. तो तिथेच बॅटवर डोकं टेकून उभा राहिला, त्यांच्या पोरांनी त्याच्याभोवती नाच केला तरी हलला नाही. मग अकरावा. अकराव्याबद्दल मी काही बोलत नाही, त्याला पॅड बांधायला दोन माणसं लागली. त्याच्या पॅडवर बॉल आदळून पायापाशी पडला, जोरात अपील, अंपायरने मान हलवली आणि तोपर्यंत दहा नंबर इकडे येऊन उभा होता, ओरडून ओरडून अकराव्याला तिकडे पळवलं. लेग बाय. खाली टोकवाला त्रिकोण मी थरथरत्या हाताने काढलाय, आज बघितला तर तो गोल दिसतो.

एक बॉल दोन रन. म्हणजे बोर्डप्रमाणे. फिल्डर सगळे बाउंड्रीवर पसरलेले. दहा नंबरने डीप मिडविकेटच्या आणि लाँगऑनच्या मध्ये ढकलला, नीट गॅप बघून, जमिनीवरून, कारण दोनच तर हवेत. पहिला आरामात. दुसऱ्याला वळला, थ्रो कीपरच्या एन्डला सरळ आला, अकरावा पोचला होता पण दुसरीकडे, आणि हा वीतभर बाहेर. रनआऊट. 172 आणि 172.

टाय!

अशी मॅच आमच्याकडे कोणी बघितलीच नव्हती. दोन्हीकडची पोरं आत पळाली, कोणाला आनंद करायचा की दुःख तेच कळत नव्हतं म्हणून सगळ्यांनी आनंद केला. एक काका होते आमचे, जुने विकेटकीपर, त्यांनी लगेच 1986 ची चेन्नईच्या चेपॉकवरची टाय टेस्ट काढली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताला जिंकायला 348 हवे होते, 347 ला शेवटचा मणिंदर सिंग एलबी, शास्त्री पलीकडे 48 नॉट आऊट. बॅटला लागला होता रे तो, काका अजून चिडूनच बोलत होते, जणू सिग्नल आत्ता मिळालाय.

मी पुस्तक जुळवत होतो. म्हणजे बॅट्समनचे रन आणि एक्स्ट्रा मिळवून 172, बोलर्सनी दिलेले रन आणि त्यात बाय, लेग बाय मिळवून 172. दोन्हीकडून बरोबर. मी खूश. पहिल्यांदाच पहिल्या फटक्यात जुळलं होतं.

शेजारून आवाज आला, दादा, माझे एकशे एकाहत्तर येतायत.

मी म्हटलं परत कर. तिने परत केली, पट्टी लावून. तिचंपण दोन्ही बाजूंनी जुळत होतं, फक्त 171 ला. इथे मला पहिल्यांदा समजलं की पुस्तक जुळणं आणि पुस्तक बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅट्समनच्या रकान्यात तीन आणि बोलरच्या रकान्यातही तीन लिहिले की पुस्तक तक्रार करत नाही.

मग ओव्हरच्या टोटला शेवटून बघत आलो. 38 ला दोघांचे 156. 39 ला माझे 165, तिचे 164. ओव्हर उघडली. माझ्याकडे 1, 4, टिंब, 3, विकेट, 1. तिच्याकडे 1, 4, टिंब, 2, विकेट, 1, आणि त्या 2 च्या डोक्यावर लाल पेनने बारीक अक्षरात, शॉर्ट.

मी विचारलं तू तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, मी ओव्हर संपल्यावर एकशे चौसष्ट म्हटलं, तुम्ही हो म्हणालात. मग मी म्हटलं अगं पण मी आठ हवेत म्हणून ओरडत होतो ते ऐकलंस ना? ती म्हणाली, ऐकलं ना, पण मला वाटलं तुम्ही बरोबरी करायला आठ म्हणताय.

आणि हे बरोबर होतं. 164 वरून 172 व्हायला आठच लागतात.

बरोबरीचा आकडा आणि जिंकायचा आकडा यातल्या या एका रनने साऊथ आफ्रिकेची अख्खी टीम वर्ल्ड कपमधून घरी गेलीय. म्हणजे घरीच होते ते, 2003 चा वर्ल्ड कप साऊथ आफ्रिकेतच होता. डर्बनला श्रीलंकेविरुद्ध पाऊस येणार हे दिसत होतं, पावसात टार्गेट ठरवणाऱ्या डकवर्थ लुईसच्या कागदावर 45 ओव्हरला 229 असा आकडा, त्यांच्या बाउचरने श्रीलंकेच्या मुरलीला सिक्स मारून 229 केले आणि शेवटचा बॉल शांतपणे ब्लॉक केला. 229 हा टायचा आकडा होता. जिंकायला 230 हवे होते. पाऊस आला, मॅच टाय, यजमान बाहेर. इतकी वर्षं मी त्या टीमला हसत आलोय, त्यांच्याकडे एवढी माणसं, एवढे कॉम्प्युटर आणि साधं अधिक एक करता आलं नाही म्हणून.

मी काय करू शकत होतो ते खरं सांगतो. टेबलापाशी त्या क्षणी आम्ही दोघंच होतो. मी मोठा, ती लहान, माझं पुस्तक जुळत होतं, बोर्डवर 172, सगळ्या मैदानाने टाय मानलेली. मी नुसतं म्हटलं असतं की बघ तुझं चुकलंय तर कदाचित ती गप्प बसली असती. कदाचित. चार पेनं घेऊन येणारी मुलगी गप्प बसली असती असं वाटत नाही, पण विचार मात्र माझ्या मनात येऊन गेला, नाही आला म्हटलं तर खोटं होईल.

आम्ही दोन्ही पुस्तकं उचलून अंपायरकडे गेलो. आमचा ओपनर टोपी काढून बुटाची लेस सोडत बसला होता. मी फक्त विचारलं, 39 व्या ओव्हरला कॅप्टन तीन पळाला तेव्हा तू काही दिलं होतंस का? तो म्हणाला शॉर्ट दिला होता की, पहिलाच, बॅट टेकलीच नव्हती. आणि मग माझ्याकडे बघून, तू हात वर केला होतास ना?

हो. मी हात वर केला होता.

पुढे सगळं नियमाप्रमाणे. खेळाडू मॅच संपली समजून बाहेर आले आणि नंतर स्कोअरमध्ये अशी चूक सापडली की तिने निकाल बदलतोय, तर शेवटची इनिंग पूर्ण झालेली असेल तेव्हा अंपायरने दोन्ही कॅप्टनना बोलवून दुरुस्त स्कोअर आणि दुरुस्त निकाल सांगायचा असतो. स्कोअर बरोबर आहे हे अंपायर आणि स्कोअररनी एकदा मान्य केलं की मग मात्र निकाल बदलता येत नाही, पण इथे तर अजून कोणी काही मान्यच केलं नव्हतं. त्यांचा कॅप्टन ऐकून दोन सेकंद गप्प झाला आणि मग पहिल्यांदा बहिणीसारख्या त्या मुलीला खांद्यावर घ्यायला गेला, ती म्हणाली आधी पेनाचं टोपण लावू द्या.

आमच्याकडे जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं 14 वर्षांच्या पोरीचं काय ऐकता, तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं. कोणी ओपनरवर घसरलं, स्वतःच्या कॅप्टनचा रन कापतोस. ओपनर म्हणाला मग टेकवायची ना बॅट. कॅप्टन मला शिव्या देणार होता हे दिसत होतं, तोंड उघडलं होतं त्याने, पण बॅट त्याचीच टेकली नव्हती, त्यामुळे त्याने परत मिटलं. सगळ्यात वाईट वाटलं ते दहा नंबरचं. तो ओरडला वगैरे काही नाही. माझ्याजवळ आला, अजून पॅड बांधलेलेच, आणि म्हणाला, तीन हवेत माहीत असतं तर मी उचलून मारला असता रे, दोन हवेत म्हणून खाली ठेवला. त्याने आयुष्यात कधी सिक्स मारलेला मी बघितला नाहीये. पण तो मारला असता की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते तसं ठेवलंय मी.

तिने मला तिचं लाल पेन दिलं. 3 वर रेघ मारून 2, टोटलवर रेघ मारून 171, कॅप्टनचे 58 चे 57, बोलरचा एक कमी. एका रनसाठी इतक्या ठिकाणी खोडावं लागतं. तिने शेजारी बसून प्रत्येक खाडाखोड तपासली आणि सही करायला सांगितली.

सगळे निघून गेल्यावर बघितलं तर बोर्डवर अजून 172 लटकत होतं. मी गेलो, एका हाताने तो 2 काढला आणि खालच्या ढिगातून 1 शोधायला लागलो. बोर्डवाला पोरगा सायकलवर बसून बघत होता. म्हणाला, आता कोण बघणारे?

1 सापडायला बराच वेळ लागला, तो मघाशी त्यानेच एकशेमधल्या 1 साठी लावला होता आणि दुसरा खाली गवतात उलटा पडला होता.